हंगेरीचा मुकुट आणि आमच्या गौरी

अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलहून अटलांटाला जायचं ठरलं ते पुण्याहून आलेल्या एका फोनमुळे. भावाची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा आईच्या गौरींचे पितळी मुखवटे ‘नवं घर होईपर्यंत’ आमच्याकडे आले होते. आता घर झालं, आणि धाकटी भावजय शुभा म्हणाली, यंदा गौरी आमच्याकडे बसवू.

मंजिरीचा, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा, चेहरा पडला. शुभा माळ्यावर टाकेल त्यांना, म्हणाली. स्मृतिग्रंथांत ठेवीला ‘निक्षेप’ म्हणतात आणि तो मागताक्षणी परत करायचा असतो, हे मला ठाऊक होतं. पण संसारात इतकं संस्कृत चालत नाही. मी म्हटलं, लाँग वीकेंड आहे, अटलांटाच्या संग्रहालयात हंगेरीचा मुकुट ठेवलाय, तो बघून येऊ.

“सहा तास ड्राइव्ह करून? आणि तोही नकली?”

“अस्सल बघायला बुडापेस्टला जावं लागेल.”

पंच्याऐंशी नंबरचा हायवे सरळ आहे. कंटाळा हाच काय तो धोका. शार्लटचं ट्रॅफिक गाठायच्या आत थेपले संपवा, नंतर हात मोकळे नसतात. संग्रहालय एका माजी राष्ट्राध्यक्षांचं. दुसऱ्या महायुद्धानंतर हंगेरीचा राजमुकुट अमेरिकेकडे आला आणि फोर्ट नॉक्सच्या तिजोरीत सरकारी सोन्याच्या शेजारी वर्षानुवर्षं पडून राहिला. या राष्ट्राध्यक्षांनी तो परत केला. हंगेरीने पुढे ही प्रतिकृती भेट दिली. माथ्यावरचा क्रॉस वाकडा आहे. मूळ वाकला तो कुणी सरळ केला नाही, म्हणून नकलेतही वाकडाच.

शेजारी काठी टेकून एक आजी उभ्या होत्या, जन्माने बुडापेस्टच्या. परत देऊ नका म्हणून आपणही तेव्हा फलक घेऊन रस्त्यावर उतरलो होतो, असं त्यांनी आपणहून सांगितलं. तिथलं सरकार वाईट, त्यांच्या हाती कशाला द्यायचा?

“मग?” मंजिरीने विचारलं.

“मग माझी बहीण तिकडे रांगेत उभी राहून तो बघून आली. फोनवर नुसती रडत होती. तीही तिकडेच आहे, हे मी विसरलेच होते.”

परतीच्या वाटेवर शार्लट येईपर्यंत मला आई दिसत होती, स्वयंपाकघरात पाटावर बसून चिंचेने मुखवटे घासणारी, आणि घासताना त्यांच्याशी बोलणारी.

“नव्या फ्लॅटमध्ये माळा नसतो ना?” मंजिरी म्हणाली.

“नसतो,” मी म्हटलं. असता तरी ‘नसतो’च म्हटलं असतं.

घरी येऊन तिने मुखवटे आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि शुभाला फोन लावला. “आम्ही गणपतीच्या आधी घेऊन येतो गं. आणि ऐक, धाकट्या गौरीचा कान चेपलाय. ठोकून घेऊ नकोस. आईंच्या हातून पडली होती ती.”

आता पुण्याहून परतून महिना झाला. कपाटातला तो खण रिकामाच आहे. परवा मी तिथे टॉवेल ठेवायला गेलो, तर मंजिरीने ते उचलून दुसरीकडे ठेवले.