कोपरे तिरपे वाच

माझ्या नणंदेचं, प्रेमलावन्संचं, कुणाशी पटत नाही असं झाशीतली अर्धी मराठी मंडळी सांगतील. उरलेली अर्धी तेव्हा त्यांच्या चौकटी सोडवत बसलेली असतील. मी दोन्हींतली. लग्न झाल्यापासून माझं त्यांच्याशी वाकडं, आणि त्यांच्यावाचून माझं पानही हलत नाही.

वन्संनी लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची खुद्द आमच्या सासऱ्यांची छाती झाली नाही, तर माझी कुठून होणार. सगळी नोकरी स्टेशनातल्या चौकशीच्या खिडकीत काढली. गाडी लेट झाली की लोक खिडकीत तोंड घालून भांडायचे, आणि वन्सं मान वर न करता म्हणायच्या, "भैया, गाड़ी मैंने नहीं रोकी." रिटायर झाल्यावर दतिया गेटजवळ वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन एकट्या राहायला लागल्या. आमच्याकडे या म्हटलं, तर म्हणाल्या, "अरुंधती, तुझ्या हातची आमटी रोज गिळण्यापेक्षा मी एकटी बरी." असं त्यांचं बोलणं. पण माझा मुलगा कुशल म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्याला वाढवलं मी, बिघडवलं त्यांनी.

आता चौकटीचं सांगते. इथल्या आमच्या पोरांना मराठी कळतं, पण तोंड उघडलं की हिंदी. कुशल तर अजून "मम्मी, भूक लागली है" म्हणतो. वन्संना त्याचा भारी संताप. म्हणून दर रविवारी सकाळी त्या चौकटीच्या कागदावर अक्षरांचं जाळं लिहितात, एका घरात एक अक्षर, आणि त्याचा फोटो इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. खाली शब्द दिलेले असतात. ते आडवे-उभे शोधायचे आणि खोडायचे. जी अक्षरं उरतात ती ओळीने वाचली की वन्संचा निरोप निघतो. एकदा निघाला होता, 'आज सगळ्यांनी नखं कापा.' पोरांनी काय, मंडळाच्या अध्यक्षांनीसुद्धा कापली.

त्या रविवारी चौकट उशिरा आली. मी भाजी तशीच टाकून पेन घेऊन बसले. शब्द खाण्याचे होते. कोशिंबीर, पपई, रेवडी, तिळगूळ, रबडी, पेढा, वालपापडी, चकली. सगळे पटापट सापडले. पण उरलेली अक्षरं वाचली तर काही अर्थच लागेना. पुन्हा वाचली. नुसता गोंधळ.

"तुमच्या ताई म्हाताऱ्या झाल्या हो," मी गोविंदरावांना म्हटलं. हे माझे यजमान, वन्संचे धाकटे भाऊ. खोटं कशाला बोलू, मला जरा बरंच वाटलं. वन्संची चूक दाखवायची संधी जन्मात एकदा येते. मी लगेच फोन लावला. फोन बिझी. भाजी फोडणीला टाकून पुन्हा लावला, तरी बिझी. आमटीला उकळी आली तरी बिझीच. ही बाई फोनवर दोन वाक्यं बोलते आणि ठेवून देते. इतका वेळ कुणाशी बोलत असेल?

मग मी पुन्हा चौकट पाहिली, आणि शब्दांची यादी मला खटकली. वन्सं शब्द नेहमी क, ख, ग अशा क्रमाने लावतात. आणि फळं दिली तर फळंच देतात, कोशिंबिरीशेजारी पपई आणि रेवडी बसवण्यातल्या त्या नव्हेत. हे मुद्दाम केलेलं होतं. मी प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर वरून खाली वाचलं. को, प, रे, ति, र, पे, वा, च.

कोपरे तिरपे वाच.

शब्द खोडल्यावर चौकटीत एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोठी फुली उरली होती, ती मला आता दिसली. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून मी तिरकी खाली आले. कु, श, ल, ला, सो, ड, व.

कुशलला सोडव. कुणापासून सोडव? काय केलंय माझ्या पोराने?

कुशल मालगाडीवर असिस्टंट लोको पायलट आहे. शनिवारी सकाळी गाडी घेऊन बीनाला गेला होता. मी त्याला फोन लावला. बंद. तसा तो ड्यूटीवर बंदच असतो, इंजिनात फोन चालू ठेवायला परवानगी नाही. रेल्वेच्या घरात फोन बंद म्हणजे पोरगा कामावर, एवढाच अर्थ. पण त्या दिवशी 'स्विच ऑफ' ऐकूनही मी पुन्हा पुन्हा लावत राहिले.

"अगं, कोडं आहे ते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस," हे म्हणाले. पण चष्मा लावून जवळ आले. मी फुलीची दुसरी रेघ वाचत होते, उजवीकडच्या कोपऱ्यातून. इ, थं, म, ला, ध, र, लं. इथं मला धरलं.

यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

पोलिसांना फोन करू म्हणाले, तर मीच हात धरला. आत कोण आहे, किती जण आहेत, काही माहीत नाही. पोलीस बघून त्यांनी वन्संना काही केलं तर? ड्रायव्हर हजेरी लावतात त्या लॉबीत यांनी ओळखीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "भाईसाहब, कुशल सुबह बीना से गाड़ी लेकर निकला है. शाम तक झाँसी." काल संध्याकाळी बीनाच्या रनिंग रूममधून, ड्रायव्हरांच्या मुक्कामाच्या जागेवरून, तो माझ्याशी नीट बोललाही होता. म्हणजे पोरगा इंजिनात आहे. मग सोडवायचं कुणाला? ते कळत नव्हतं म्हणून जास्तच भीती वाटत होती. स्कूटरवर मागे बसून मी यांचा शर्ट इतका घट्ट धरला होता की त्याचं बटण तुटलं.

वन्संच्या घराखाली मुकेशभैयांचं इस्त्रीचं दुकान आहे. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "बुआजी ने कल से दरवाज़ा नहीं खोला. दूध की थैली बाहर ही पड़ी है. मैंने सोचा, आप लोगों के यहाँ गई होंगी." मुकेशभैयांनी शटर ओढायचा गज उचलला आणि आम्ही तिघं वर गेलो. पुढं कोणी व्हायचं यावर जिन्यात जरा खोळंबलो. शेवटी मीच झाले. आमच्या घरात पुरुष मागून धीर देतात.

दार वाजवलं. काही नाही. मी हाक मारली, "वन्सं, मी आहे." आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दार बोटभर उघडलं.

वन्संचा चेहरा मला ओळखू आला नाही. केस मोकळे, ओठ सुकलेले. जन्मभर लोकांना गप्प करणारी बाई ओठांवर बोट ठेवून मला हात जोडत होती. जा, असं खुणेने सांगत होती. मी दार ढकललं. खोलीत कोणी नव्हतं. टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकवून त्यांचा फोन उभा केला होता, आणि फोनमध्ये पोलिसी वर्दीतला एक माणूस बसला होता.

"मैडम, कैमरे के सामने वापस आइए," तो म्हणाला. "और ये कौन लोग हैं? आपको मना किया था ना?"

काय सांगू, खोटा माणूस तो, पण वर्दी बघून मीही पदर सावरला. यांनी तर फोनला चक्क नमस्कार केला. चाळीस वर्षं साहेबांपुढं उभं राहायची सवय, ती कुठं जाते. तो माणूस म्हणाला, "आप सब पर केस बनेगा." तेव्हा मला वन्संचे जोडलेले हात पुन्हा दिसले, आणि माझं डोकं फिरलं. मी फोन उचलला, मला येतात त्या सगळ्या शिव्या त्याला मराठीत दिल्या आणि फोन कट केला.

वन्सं मटकन खाली बसल्या. "काय केलंस गं अरुंधती," त्या म्हणाल्या. "आता ते त्याला मारतील."

मग तुकड्यातुकड्यांनी कळलं. शनिवारी सकाळी फोन आला होता. कुशल नशेच्या मालासकट सापडला, आमच्या ताब्यात आहे. वन्संनी तो ठेवून लगेच कुशलला फोन लावला. बंद. नोकरी रेल्वेत काढलेली बाई, ड्यूटीवर फोन बंद असतो हे तिला मी सांगायला हवं का? पण भीतीपुढे शहाणपण पांगळं. मग त्या लोकांनी व्हिडिओ कॉल केला आणि कुशलचा आवाज ऐकवला. तो रडत होता. "मुझे छुड़ा लो, ये लोग बहुत मार रहे हैं." पुण्याची एखादी आजी म्हणाली असती, माझा नातू हिंदीत कशाला रडेल. आमची पोरं हिंदीतच रडतात. वन्संना शंका यावी तरी कुठून?

तेव्हापासून त्या कॅमेऱ्यासमोर होत्या. झोपायचं तेही फोनसमोर. कोणाला कळलं तर पोराला मारू, आणि सोमवारी बँक उघडली की सगळी शिल्लक सांगू त्या खात्यात टाकायची. रविवारी वन्संनी त्या माणसाला सांगितलं की माझं बच्चों का खेल ग्रुपवर गेलं नाही तर लोक घरी येतील. त्याने कागद कॅमेऱ्यापुढं धरायला लावला. अक्षरं त्याला वाचता येत होती, पण मराठीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. खाण्याची नावं आहेत म्हटल्यावर म्हणाला, भेज दो. त्याच्या देखत बसून या बाईने चौकट आखली. पहिल्या रेघेत कुशलला घातलं, स्वतःला दुसऱ्या रेघेत.

"वन्सं, सगळं खोटं आहे," मी म्हटलं. "कुशल गाडीवर आहे. काल संध्याकाळी माझ्याशी बोललाय."

"माझ्याशीही बोललाय," वन्सं म्हणाल्या. "रडत होता."

यांनी लॉबीतल्या माणसाशी स्पीकरवर बोलून दाखवलं. वन्सं म्हणाल्या, तोही त्यांचाच असेल. वन्संचा फोन सारखा वाजत होता, आणि वाजला की आम्ही चौघंही दचकत होतो. शेवटी "आजकल मशीन से किसी की भी आवाज़ बना लेते हैं" म्हणत मुकेशभैयांनी तो बंद केला, यांना घेऊन तक्रार द्यायला गेले, आणि मी वन्संजवळ बसून राहिले. पाण्याचा घोट घेईनात. "तू आली नसतीस तर बरं झालं असतं," एवढंच अधूनमधून म्हणायच्या. मला एरवी राग आला असता.

उन्हं उतरल्यावर माझा फोन वाजला. कुशल. "मम्मी, आत्ता ड्यूटी से साइन ऑफ किया. इतने मिस्ड कॉल, क्या हुआ?" माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी स्पीकर लावून फोन वन्संपुढं धरला. तो म्हणाला, "आत्या?" वन्संनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि भिंतीला सरकल्या. तोच आवाज होता ना तो. त्यांच्या लेखी अजून मार खात होता. मी त्याला म्हटलं, बोलू नकोस, ये.

तो वर्दीतच आला, पाठीला बॅग, कॉलर काळी झालेली. वन्सं उठल्या. त्याच्या जवळ गेल्या, मनगटं उलटीसुलटी करून बघितली, मान बघितली, शर्टाच्या बाह्या वर करून दंड बघितले. कुठं वळ नव्हता. तो पोरगा घाबरून माझ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "आत्या, मैं ठीक—"

वन्संनी त्याच्या तोंडावर हात दाबला.

"बोलू नकोस रे," त्या म्हणाल्या. "आवाज त्यांच्याकडेही आहे. तू नुसता बस."

कुशल बॅग पाठीला तशीच ठेवून बसला. दिवे लागले तरी त्यांनी हात काढला नाही.