फोरबर्गची सायकल आणि आयरिश म्हाताऱ्याचा उद्योग

२०२३ साल. माझं वय एकाहत्तर, शिक्षण चौथी. बार्शीत सायकल दुरुस्तीचं माझं दुकान. मुलगी सुनंदा हॉलंडात कॉम्प्युटरच्या नोकरीला आहे. तिनं तिकीट पाठवलं ते एका अटीवर. "अप्पा, तीन आठवडे आराम करायचा आणि परत गेल्यावर दुकान बंद करायचं." मी म्हणालो, "बघू."

ती राहते त्या फोरबर्ग गावी स्टेशनाबाहेर आलो आणि उभाच राहिलो. माणसं कमी, सायकली उदंड! तिकडे सायकलीला फीट्स म्हणतात. मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं. सकाळी न्याहारीला लोणी लावलेला पाव, त्यावर हाखलस्लाख (चॉकलेटचा बारीक चुरा). पोराबाळांचं खाणं, पण मी तीन पाव खाल्ले.

सुनंदा रॉटरडॅमला ऑफिसात गेली तशी मी तिची सायकल काढली. कालव्याकाठचा रस्ता गुळगुळीत, पाण्यात बदकं, वारा तोंडावर. पुलाच्या उतारावर सवयीनं पायडल उलटं फिरवलं. चाक जागीच थांबलं आणि मी थेट कुंपणाच्या झुडपात!

म्हटलं, फ्रीव्हील जाम झालं. गॅलरीत पेपर अंथरला आणि मागचं चाक खोललं. आत भलतंच निघालं. असले भाग मी जन्मात पाहिले नव्हते. संध्याकाळपर्यंत खटपट केली, जुळेना.

सुनंदा दारातच ओरडली. "अप्पा, काय हे नसते उद्योग! अहो, इथं पायडल उलटं दाबलं की ब्रेक लागतो."

"मग हँडलला ब्रेक का नाही?"

"तेच तर मी सकाळी सांगत होते! तुम्ही ऐकाल तर ना. आता तरी पटलं का, मी दुकान बंद करा का म्हणते ते?"

रात्री जेवणही गेलं नाही. मनात आलं, पोरगी खरं बोलत असेल तर?

शनिवारी सगळे भाग पिशवीत घालून, सायकल आणि चाक उचलून सुनंदाबरोबर गल्लीतल्या सायकलवाल्याकडे गेलो. मालक माझ्याच वयाचा दिसणारा, पांढऱ्या भुवयांचा. नाव डोनल. मूळचा आयर्लंडचा, डच बायकोमागे इथं आलेला. पिशवीत डोकावून त्यानं काय झालं ते विचारलं. सुनंदानं सांगितलं, वर "नसते उद्योग" म्हणजे काय तेही सांगितलं. तो मांडीवर थाप मारून हसला. मग तो सांगत गेला आणि ती मला मराठीत सांगत गेली.

"आमच्या आयरिश भाषेत उद्योगाला ग्नो म्हणतात. माझी आजी म्हणायची, 'करणं' या अर्थाच्या जुन्या शब्दातून तो आला. हाताला काम असलेला माणूस ग्नोहख. आणि मुद्दाम केलेली गोष्ट ती डेन घ्नो, म्हणजे एकच उद्योग डोक्यात धरून केलेली."

मी सुनंदाला म्हणालो, "विचार, वय किती?"

"ते शहात्तर म्हणतायत."

"दुकान कधी बंद करणार, विचार."

"अप्पा, असं विचारतात का कुणाला?"

पण तिनं विचारलं. डोनलनं मला स्टूल दिलं, हातात फडकं दिलं आणि भाग समोर मांडले. मग तो एकेक बसवून दाखवायला लागला. बोलणं बंद, नुसते हात. एका जागी त्यानं बेअरिंगच्या छर्‍यांची जाळी बसवली. ही मात्र माझ्या रोजच्या ओळखीची; मी त्याच्या मनगटावर टिचकी मारली. "अहो, उलटी बसली." त्यानं चष्मा वर केला, पाहिलं, जाळी सरळ केली आणि मला चक्क सलाम ठोकला. सुनंदा खळखळून हसली.

परतताना सायकल मीच चालवली. पुलाच्या उतारावर पायडल उलटं दाबलं, थांबलो, पुन्हा निघालो. सुनंदा मागच्या कॅरिअरवरून म्हणाली, "अप्पा, दुकानाचं तुमचं तुम्ही ठरवा. मी पुन्हा विषय काढणार नाही."

बार्शीला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. इतक्या लांब जाऊन मी काय शिकलो? एक नवा ब्रेक आणि एक शब्द. शब्द परक्या आजीचा, पण त्यातलं काम माझ्या हातांना आधीपासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला शटर वर केलं आणि पंक्चर बघायच्या बादलीत पाणी भरलं. शेजारचा चहावाला म्हणाला, "अप्पा, पोरीनं बंद करायला सांगितलं होतं ना? सवयीनं उघडलंत का?"

"नाही रे," मी म्हणालो, "मुद्दाम."