पुष्पलताबाईंचं स्टूल

बाबनराव पक्षी बघायला निघाले की घडीची दोन स्टुलं सोबत घेतात. मी त्यांच्याच वाडीत खोली करून राहतो. त्यांच्याकडे दुर्बीण, माझ्याकडे बाइक, एवढ्यावर आमची मैत्री. त्या फेब्रुवारीत सकाळीच बाजारगावापुढच्या जंगलात पोहोचलो. त्यांनी बांबूच्या सावलीत दोन्ही स्टुलं मांडली. मी हक्कानं एकावर टेकणार, तोच ओरडले, "तिथं नोको बसू गा!"

"काहून काकाजी? कोणी येऊन राहिलं का?"

"आली आहे."

मी उमरेडच्या शाळेत विज्ञानात काठावर पास झालेला माणूस. तरी भूत नसतं, एवढं मला पाठ आहे. मुकाट दगडावर बसलो.

बाबनरावांची सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात गेली, कंट्रोल रूममध्ये. एकानं मीटर वाचायचा, दुसऱ्यानं बघून हो म्हणायचं, तेव्हा कुठे आकडा खरा. निवृत्त झाल्यावर बायकोला, पुष्पलताबाईंना, घेऊन पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपात शिरले आणि हाच कायदा तिथंही लावला. दोघांनी पाहिला तरच पक्षी मोजायचा.

काही वर्षांपूर्वी याच जागी पुष्पलताबाईंना रोझफिंच दिसला. चिमणीएवढा, डोकं-छाती गुलाबी, इकडे क्वचितच येणारा. "अहो, पाहा ना!" म्हणेस्तोवर उडालाही. बाबनराव तेव्हा पोह्यांवर तर्री ओतत होते. मान वर न करता म्हणाले, "पळसाचं फूल हाललं असन वं."

पक्षी मोजला नाही. बाई घरापर्यंत बोलल्या नाहीत आणि पुढचा हिवाळा यायच्या आत गेल्या.

तेव्हापासून दर हिवाळ्यात हे इथं येतात. "एक डाव तिच्याजवळ बसून मले तो दिसला पाह्यजे," त्यांनी मला सांगितलं. "तवा खोटी पाडली ना मी तिले."

मला गप्प बसवेना. "अन् तुम्हाले एकट्यालेच दिसला तर? एकट्याचा मोजत नाही ना तुम्ही!"

ते हसले नाहीत. शेजारच्या स्टुलाकडे बघून म्हणाले, "एकटा कुठं आहो?"

ऊन चढलं. समोरच्या पळसावर बुलबुलांचा गोंधळ चालला होता, तो एकाएकी थांबला. वाऱ्याची झुळूकही नव्हती. आणि त्या शांततेत रिकाम्या स्टुलाचं कापड करकरलं. कोणी बघायला पुढं वाकावं, तसं.

मी झटकन स्टुलाकडे पाहिलं. नेमकं तेव्हाच बाबनराव कुजबुजले, "वरच्या फांदीवर! पाहा, पाहा!"

मी वर बघेपर्यंत फांदीवर एक फूल तेवढं हलत होतं.

"पाहिला?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यांचं तोंड माझ्याकडे नव्हतंच. स्टुलाकडे कान लावून ते थांबले होते, कंट्रोल रूममध्ये दुसऱ्याच्या होकाराची वाट बघत थांबत असतील तसे.

जरा वेळानं त्यांनी मान डोलावली, दुर्बीण खाली ठेवली आणि डोळे पुसले.

"पाहणारे दोन झाले," ते म्हणाले.

मग पोह्यांचा डबा उघडला आणि ते स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बस गा आता आरामात."

कापड मधोमध खोलगट झालं होतं, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखं.

पोहे मी उभ्यानंच खाल्ले.