गुणी माणसाचं मंजूर

धर्मराजला गाव गुणी म्हणू लागलं तेव्हा तो वर्षाचाही नव्हता, आणि त्या दिवशी त्याला ताप होता. पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रोजगार हमीचं काम चालू होतं. आई जानकीबाई खडी फोडत होती आणि तिची दोन्ही पोरं बाभळीखाली ठेवलेली होती. थोरल्या त्रिंबकनं उन्हानं आणि भुकेनं रडून सगळा रस्ता डोक्यावर घेतला होता. धाकटा मात्र गुमान पडून होता. कामावरच्या बायका म्हणाल्या, "जानके, ह्ये धाकलं लई गुणी हाय गं. थोरलं मातर वांड." पोराचं अंग तव्यासारखं तापलंय, हे आईला संध्याकाळी घरी गेल्यावर कळलं. तोवर दोघांवर शिक्के बसले होते, आणि गावानं मारलेले शिक्के सहसा पुसत नाहीत.

पुढचं सोपं होतं. त्रिंबकनं भाकर मागितली की तो हावरा, धर्मानं मागितली नाही की तो समजूतदार. भूक दोघांची सारखीच. जानकीबाई दिवसभर घण मारून यायची, तिचा हात मारायला चटकन उठायचा आणि जवळ घ्यायला उरायचा नाही. जी काय थोडी माया उरे, ती न मागणाऱ्याच्या वाट्याला यायची. पोरं खुळी नसतात. कशानं माया मिळते, हे त्यांना बाराखडीच्या आधी कळतं. त्रिंबकलाही आपल्या वाट्याचं कळलंच: रडलं तरी वांड आणि गप्प बसलं तरी "आज कुठं खोडी करून आलास बे?" मग तो खरोखरीच खोड्या करू लागला. लोक म्हणाले, आम्ही आधीच सांगितलं होतं.

शाळेत एकदा पाण्याचा माठ फुटला. कुणीतरी धर्माकडे बोट दाखवलं. गुरुजींनी छड्या मारल्या, धर्मानं मुकाट खाल्ल्या. दोन दिवसांनी माठ फोडणारा खरा पोरगा सापडला. तेव्हा गुरुजींनी धर्माला वर्गापुढे उभं केलं आणि म्हणाले, "बघा, पोर असावं तर असं सालस." दुसऱ्याचा मार खाल्ला म्हणून शाबासकी! अरे बाबा, तू बोलला का नाहीस, हे त्या शहाण्या माणसाला विचारावंसं वाटलं नाही. मला अजून त्या गुरुजींचा राग येतो.

मुलगी बघायला गेला तेव्हा पसंत आहे का, असं मामांनी विचारलं. "तुमी म्हंताल तसं," धर्मा म्हणाला. आत बसलेल्या भिवराबाईला वाटलं, नशीब काढलं, नवरा गरीब स्वभावाचा मिळतोय. लग्नानंतर तिला कळलं की कालवणात मीठ पडलं नाही, एवढंसुद्धा या माणसाच्या तोंडून काढून घेता येत नाही.

त्यांना मुलगी झाली, सरस्वती. घरात सरू. ही पोरगी जन्मली तीच मुळी 'न्हाई' म्हणत. एकदा दूध सोसायटीचे चेअरमन सुंदरराव दारात येऊन बसले आणि तिला पाणी मागू लागले. सरू म्हणाली, "पानी तुमच्या बोरला हाय. आमच्या रांजनात न्हाई." धर्मराजनं तिला रागावून आत पाठवलं. पण त्या रात्री त्याला कितीतरी वेळ हसू आवरत नव्हतं. पोरीचा त्याला मनातून फार अभिमान होता, आणि तो त्यानं तिला कधी सांगितला नाही.

मग ते साल आलं. पोळा कोरडा गेला. बैलांच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतायचाही कुणाला धीर होईना. धर्मराजची एक जर्सी गाय आणि तिची कालवड, त्यांच्या दुधावर घर चाललेलं. सरकारनं दूध सोसायटीला चारा छावणी चालवायला दिली. छावणी शाळेमागच्या पडिकात झाली, तर गाय भिवराबाई सांभाळणार, सरूची शाळा चालू राहणार, ऊसतोडीला जायची गरज नाही. पण सुंदररावांना ती डोंगरापलीकडे स्वतःच्या शेतात हवी होती. म्हणजे जनावरं गावाची, चारा सरकारचा आणि शेण त्यांच्या रानात. तिथं प्रत्येक घरातलं एक माणूस जनावरांपाशी मुक्कामाला पाहिजे. धर्मराजच्या घरात कर्ती माणसं दोनच; एक तिथं अडकलं तर घर, पोरं आणि मजुरी एकट्यानं रेटता येणारी नव्हती. त्याला गाय विकून बायकोसकट कारखान्याला जावं लागलं असतं, कारण तोडीला कोयता लागतो, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी.

छावणीची जागा ठरवायला सोसायटीची सभा ठरली. आदल्या दिवशी दूध घालून झाल्यावर माणसं सोसायटीच्या पायऱ्यांवर जमली. म्हातारे धुळाजी म्हणाले, "त्रिंबक बोलला तर समदे हसत्याल. त्यो वांडच. धर्मा, तू बोल. तू आजवर कुनाला न्हाई म्हनला न्हाईस. तू नामंजूर म्हनलास तर चेरमनला खाली बघावं लागंल. आदी तू, मग आमी."

"बरं," धर्मराज म्हणाला. नाही म्हणायच्या कामालासुद्धा त्यानं हो म्हटलं.

घरी भिवराबाई म्हणाली, "एवढं येक बोला. जन्मात दुसरं काय मागनार न्हाई."

सभा मारुतीच्या पारावर भरली. धर्मराज मागे बसायला निघाला, तर सुंदररावांनी त्याला हाताला धरून पुढे आणलं, शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि माइकवरच सांगितलं, "अशा सालस मानसांवर आपली संस्था उभी हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. धर्मराजला वाटलं, आपण पुन्हा वर्गापुढे उभे आहोत. छावणी सुंदररावांच्या शेतात करायचा ठराव वाचला गेला. त्रिंबक मागून उठून ओरडला, "नामंजूर!"

"बस बे," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

मग सगळ्यांनी धर्मराजकडे पाहिलं. सुंदररावांचा हात त्याच्या खांद्यावर होता, जड नव्हता, मायेनं ठेवल्यासारखाच होता. "धर्मराज, तुला कसं वाटतं?" मुलगी बघायला गेला होता तेवढं सोडलं, तर आयुष्यात हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. आपल्याला कसं वाटतं, ते शोधायला तो आत गेला, तर तिथं त्याला काही सापडेना. तोंडातून सवयीचा शब्द बाहेर पडला, "मंजूर." त्यामागून सगळा पार गरजला, मंजूर, मंजूर. धुळाजींचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता.

दुसऱ्या दिवसापासून गाव धर्माला शिव्या घालू लागलं. सगळ्यांनी आपापली जीभ एका माणसाच्या तोंडात ठेवली होती, आणि ती हलली नाही म्हणून दोष त्याचा. गाय कालवडीसकट पाटोद्याच्या बाजारात गेली. भिवराबाई भांडली नाही. तिनं नुसतं कोयत्याला धार लावून आणली.

दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी पश्चिमेच्या कारखान्यावर उतरली. सरू सोबत होती, पाठीवर झालेल्या धाकट्या भावाला सांभाळायला. उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पहिल्या आठवड्यात ती बापाला रोज विचारायची, "आपन कावून आलो? तुमी सभेत बोलला कावून न्हाई?" धर्मराज भाकर मोडत राही. हळूहळू तिचे प्रश्न कमी झाले. मग थांबले. टोळीतल्या बायका म्हणू लागल्या, पोरगी चांगली वळणावर आली.

एका संध्याकाळी टोळीचा मुकादम म्हाळू कोपीपाशी आला. "धर्मा, पोरगी रिकामी बसती. उद्यापसून मोळ्या बांधायला फडात आन. धाकल्याला बांदावर निजवा."

भिवराबाईनं चुलीवरून नवऱ्याकडे पाहिलं. धर्मराजला 'न्हाई' म्हणायचं होतं. या खेपेला त्याला पक्कं माहीत होतं की आपल्याला काय वाटतं. पण शब्द काही वर येईना, आणि त्यानं सरूकडे पाहिलं. चेअरमनला तोंडावर बोलणारी पोरगी ती. आता बोलेल, याची तो वाट बघत राहिला.

सरूनं भावाला कमरेवरून खाली ठेवलं.

"सकाळी कवा निगायचं?" तिनं मुकादमाला विचारलं. विचारताना तिनं बापाकडे एकदाही पाहिलं नाही.