डांबरगोळ्यांची शाल

नाटक कंपनीचा कपडेपट काकांच्या ताब्यात होता. राजाचा अंगरखा असो की भिकाऱ्याची बंडी, कुठल्या पेटीत आहे ते डोळे मिटून सांगत. बायको म्हणायची, "माझ्या अंगावर नवं काय आहे, ते मात्र यांना कधी दिसलं नाही!"

त्या वर्षी कपड्यांना कसर लागली. काकांनी बंद खोलीत बसून पेट्यापेट्यांतून मुठीमुठीने डांबरगोळ्या पेरल्या. दोन-तीन दिवसांत त्यांची लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले आणि जिना चढताना ते मध्येच मटकन बसले.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं.

"डांबरगोळ्या हाताळल्या होत्यात?"

"जन्म गेला त्यात. पण एवढ्या कधीच नाही."

"तुमच्या लाल पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मापासूनच कमी आहे. ते साखरेतून हायड्रोजन काढून पेशीच्या बचावाला पुरवतं. पुरवठा तोकडा पडला की या गोळ्यांपुढे पेशी टिकत नाहीत, फुटतात."

"मुलांकडेही जातं का हे?"

"मुलीकडे जातं. तिला सहसा त्रास होत नाही, पण तिच्या मुलाला होऊ शकतो."

काका ताडकन उठून बसले. लेक तान्ह्या मुलाला घेऊन त्यांच्याच घरी होती, आणि बाळाला थंडी वाजेल म्हणून त्यांनीच कपडेपटातली लोकरीची शाल आणून दिली होती.

"फोन लाव!" ते शेजारी उभ्या बायकोवर ओरडले.

घंटा वाजत राहिली. कुणी उचलेना. दुसऱ्यांदा लावला तेव्हा लेकीचा आवाज आला, "हळू बोला ना बाबा, आत्ताच झोपलंय."

"कशात गुंडाळलंय?"

"तुमच्याच शालीत."

"काढ ती! घराबाहेर टाक. आणि त्याचे डोळे उघडून बघ."

पलीकडे शाल ओढल्याचा, बाळ कुरकुरल्याचा आवाज आला. मग ती रडतच म्हणाली, "पिवळे आहेत, बाबा."

बाळाला आणलं तेव्हा ते दूधही ओढत नव्हतं. त्याचं रक्त बदलावं लागलं. खालच्या मजल्यावर काकांच्या हाताला रक्ताची बाटली लावलेली होती, त्यांना उठायची परवानगी नव्हती. दार वाजलं की ते बायकोच्या तोंडाकडे बघत. ती नुसती मान हलवायची, अजून काही कळलं नाही म्हणून. शेवटी एकदा ती धावत आली आणि दारातच म्हणाली, "रडलं! दुधासाठी रडलं!"

दोघेही बरे होऊन घरी आले, पण काका बाळाला हात लावेनात. साबणाने हात चोळून चोळून सोलवटले, तरी लांबूनच बघायचे. लेकीनं आठवडाभर सोसलं. मग एका सकाळी तिनं सरळ बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"मुद्दाम केलं होतंत का? मान धरा नीट त्याची."

त्यांनी धरली.