इंजिन नीट चाललं होतं

माझ्या भाचीला आम्ही पक्कड म्हणतो. लहान असताना तिने बापाच्या मनगटात दात रुतवले होते आणि तो दुसऱ्या हाताने तिच्या डोक्यात ठोसे घालत होता तरी सोडलं नव्हतं. मी तिचं नाक दाबून धरलं, तेव्हा कुठे दात सुटले. बापाच्या मनगटातून रक्त गळत होतं, हिच्या कानातून येत होतं, आणि ताई, म्हणजे तिची आई आणि माझी थोरली बहीण, बेसिनवर वाकून रक्त थुंकत होती. असलं ते घर.

बंदराच्या मागच्या रस्त्यावर माझं लेथचं दुकान आहे. मी तापट माणूस. लेथवर काम करणाऱ्याने तापट असू नये, बोटं जातात. माझं अर्धं गेलंच आहे. दाजींची मासेमारीची बोट होती आणि तिच्या पोटात एक म्हातारं डिझेल इंजिन होतं. ते भर समुद्रात बंद पडायचं. मग दुसरी बोट दोर बांधून ओढत आणायची, मासळी नासून गेलेली असायची, धक्क्यावरचे लोक दात काढायचे, आणि दाजी घरी जाऊन ताईला मारायचे. बंद पडायचं इंजिन, आणि फुटायची बायको.

एकदा मी दाजींना बर्फाच्या कारखान्यामागे गाठून धुतलं. पार आडवं केलं. दुसऱ्या दिवशी ताई माझ्या दुकानात आली, तिला बसता येत नव्हतं. उभ्यानेच म्हणाली, "पुन्हा माझ्यासाठी हात उचललास तर तुझं तोंड बघणार नाही. तो वाईट नाही रे. इंजिन त्याचं डोकं फिरवतं." त्यानंतर मी हात खिशात ठेवले. आणि खरं सांगायचं तर आम्हाला सगळ्यांना तेच पटलं होतं. दोष इंजिनात आहे.

सगळ्यात जास्त पटलं होतं ते पक्कडला. शाळा सुटली तशी ती माझ्या दुकानात आली ती राहिलीच. आईच्या अंगावरून ती इंजिनाचं दुखणं ओळखायची. सकाळी येऊन हातात पाना घेता घेता सांगायची, "ओठ फुटलाय. डिझेलमध्ये पाणी गेलं असणार, तेवढ्यावर आई थोडक्यात सुटते." बरगडीला लागलं असेल तर इंजिन तापलं, कारण तापलं की दिवस जातो आणि दिवस गेला की तो लाथा घालतो. मी ऐकून घ्यायचो. तिच्या आवाजात काही फरक नसायचा.

एका वर्षी पावसाळ्यात बोटी धक्क्यावर ओढून ठेवायचे दिवस आले आणि ती बापाला म्हणाली, "इंजिन मी खोलून नव्याने बांधते." दाजी हसले. "फुकटात होतंय तर होऊ दे. बिघडलं तर तुझी पाठ आहेच."

चेनपुलीने इंजिन वर काढून आम्ही ते दुकानात आणलं. पिस्टन आत घट्ट बसले होते. लाकडी ठोकळा ठेवून ती घणाने ठोकायची, दात आवळून, खांद्यापासून घाव घालत. तसा घाव लोखंडासाठी लागत नाही. एकदा मी तिचा हात धरला. "सिलिंडरला चीर जाईल, बये. हा तुझा बाप नाही." तिने घण खाली ठेवला आणि बाहेर जाऊन ओकली. परत येऊन पुन्हा ठोकू लागली, या वेळी हलक्या हाताने.

क्रँक मी घासून दिला, हेड सपाट करून दिलं. बाकी सगळं तिने केलं. जुना बोल्ट एक ठेवला नाही. मी म्हटलं, "अगं, चांगले दिसतायत की हे." ती म्हणाली, "आईपण चांगली दिसते मामा, बाह्या लांब असल्या की." इंजिन का तापतं ते तर तिनेच शोधलं. समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपात रबरी चाक असतं, त्याची पाती तुटतात. लोक नवं चाक बसवतात आणि मोकळे होतात. तिने विचारलं, तुटलेले तुकडे गेले कुठे? वर्षानुवर्षांचे तुकडे इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलरच्या नळ्यांमध्ये अडकून बसले होते. तिने ते तारेने उपसून काढले आणि टेबलावर मांडले. ताईच्या बरगड्यांचा हिशोब तो, असं मला वाटलं आणि मी तोंड फिरवलं. तिने डिझेलची टाकी कापून आतला चिखल खरवडला, तळाला साचणारं पाणी सोडायला तोटी लावली, फिल्टर दोन बसवले. एक तुंबला तर इंजिन न थांबवता दुसऱ्यावर जाता यावं.

बोट पाण्यात उतरली आणि तो हंगामभर तिला एकदाही दोर लागला नाही. धक्क्यावरचे लोक आता पक्कडला अदबीने हाक मारायला लागले. दाजी छाती काढून चालायचे, जणू इंजिन त्यांनीच बांधलंय. ताईच्या चेहऱ्याचा मूळ रंग मी विसरलो होतो, तो मला पुन्हा दिसला. मी खूश होतो. लहान पोरासारखा खूश होतो.

मग एक दिवस दुपारी ताई दुकानाच्या मागच्या दाराने आली. जबडा सुजलेला, दोन दात मुठीत. स्टुलाने मारलं होतं. बोट वेळेवर आली होती, भरून आली होती. मी विचारलं, काय झालं? "काही नाही रे. दार उघडायला उशीर झाला."

पक्कड हत्यारांची पेटी उचलून निघाली. ताईला तिथेच बसवून मी मागे धावलो. मला वाटलं ती बापाला शोधतेय. ती बोटीत उतरली आणि इंजिन उघडू लागली. फिल्टर काढले, स्वच्छ. पंपाचं चाक काढलं, पाती शाबूत. तोटी उघडली, पाण्याचा थेंब नाही. नोझल काढली, झाकण काढलं, हात कोपरापर्यंत काळे झाले, आणि ती पुटपुटत राहिली, "असणारच. कुठेतरी असणारच." मला ते बघवेना. इंजिनात काही नव्हतं.

तेवढ्यात दाजी वरून डोकावले. "कार्टे, उघडलंस कशाला? चांगलं चाललंय की."

"बाबा, मग आईला का मारलंत?"

दाजींना प्रश्नच कळला नाही. ते खरोखर गोंधळले. "त्याचा इंजिनाशी काय संबंध?" म्हणाले, आणि खाली उतरून त्यांनी तिचे केस धरले आणि तिचं कपाळ इंजिनावर आपटलं. पुन्हा आपटायला उचललं, तेव्हा तिच्या हातात लांब दांड्याचा पाना आला होता. पहिला फटका कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला लेथच्या दुकानात इतकी वर्षं काढूनही नवा होता. ते तळातल्या तेलकट पाण्यात पडले आणि ती त्याच हातावर मारत राहिली, मोजून, नेमक्या जागी, आणि दाजी पोरासारखे किंचाळत राहिले. मी तिला मागून मिठी मारून ओढली. लगेच ओढली असं म्हणणार नाही.

दाजींना खलाशांनी दवाखान्यात नेलं. आम्ही दुकानात परत आलो आणि मी ताईला दाजींच्या मोडलेल्या हाताचं सांगितलं. पक्कडच्या भुवयांमधून रक्त वाहत होतं. ती आईच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "आई, इंजिनात काही नव्हतं गं."

ताईने पदराने तिचं कपाळ दाबून धरलं. सुजलेल्या तोंडाने, तुटक बोलली. "पूर्वी ना, बोट ओढत आणताना खिडकीतून दिसायची. मग मी जड वस्तू लपवायची. दोन स्वेटर अंगात घालायची. तुला शेजारी पाठवायची. आता रोजच नीट येते. कधी मारणार ते कळतच नाही मला."

पक्कड रडायला लागली. मोठ्याने, तोंड उघडं टाकून. तिला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. मीही रडलो.

"हात मोडला म्हणतोस," ताईने मला विचारलं. "कुठला?"

"उजवा."

"म्हणजे डावा आहे अजून," ताई म्हणाली. ती उठली, दात माझ्या टेबलावर ठेवले आणि मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर. तो दवाखान्यातून यायच्या आत माझे आणि हिचे कपडे भरून इकडे आणू."