तर्रीनं वहिनीले चंद्रपूरची केलं

मंडळी, आज मी जिंकली!

आमची वहिनी कोल्हापूरची. लग्नाला वर्ष होत आलं, तरी तिचं एकच, "तुमच्या चंद्रपुरात ऊन आणि कोळसा सोडून आहे काय?"

आज सकाळी तिले गाडीवर बसवलं अन् जटपुरा गेट गाठलं. रोज ती हॉर्न वाजवत खालून जाते, पण मान वर करून तिनं कधी पाह्यलंच नव्हतं. हत्तीवर चढलेला दगडी सिंह दिसला अन् बाईनं फोटोच काढायला घेतले! मग अंचलेश्वराच्या देवळात, गोंड राजांच्या समाध्यांपाशी ती इतकी रमली, की मलेच भूक लागली.

बाहेर येऊन तर्री पोहा घेतला, म्हणजे पोह्यावर चण्याचा लालभडक रस्सा. "कोल्हापूरच्या पोरीला तिखट शिकवू नकोस," म्हणे. दुसऱ्याच घासाला नाक लाल! आपल्याकडं तर्री विचारून थोडीच वाढतात? पोहेवाल्या भाऊनं अजून एक पळी ओतली. मी म्हटलं, "राहू दे, वहिनी." तिनं प्लेट जवळ ओढली अन् चाटूनपुसून संपवली.

तेवढ्यात तिच्या आईचा व्हिडिओ कॉल. आई घाबरली, "अगं, रडतेस का?"

वहिनी डोळे पुसत म्हणाली, "रडत नाही गं. आमच्या चंद्रपूरची तर्री आहे ही!"

सांगा, तुमच्या घरी 'तुमचं'चं 'आमचं' कशानं झालं? आमच्याकडं एका पळीत काम झालं.